कॉलेज बघायचे तर तास चालू असताना

संपादक महोदय,

प्रवेशाचे दिवस आले की विद्यार्थी-पालक कॉलेज बघायला निघतात. इमारत, सभागृह, मैदान पाहतात, माहितीपत्रक घेतात आणि परततात. त्यातून कळते ते एवढेच की बांधकाम चांगले आहे. शिकवणे कसे आहे हे बघायचे असेल तर सत्राच्या मध्यावर, साध्या कामाच्या दिवशी, पहिल्या तासाच्या आधी पोहोचावे. सुट्टीत किंवा परीक्षेच्या काळात वर्ग रिकामेच असतात. ‘ओपन डे’ला विभागप्रमुख एका जागी भेटतात ही सोय खरी, पण त्या दिवशी सगळेच आवरून-सावरून ठेवलेले असते. विभागाला आधी कळवून एक तास मागच्या बाकावर बसू द्या, अशी विनंती करावी. नकार मिळाला तर कारण विचारावे.

विज्ञान वा तंत्रशिक्षणाला जाणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ प्रयोगशाळेत घालवावा. उपकरणे किती आहेत, हा प्रश्न अपुरा आहे. एका बॅचला किती विद्यार्थी आणि एका उपकरणावर किती जण, हे विचारा. २० जणांच्या बॅचला ४ संच असतील तर एकाच्या हाताला काम मिळते आणि चौघे बघत उभे राहतात. महागड्या यंत्राशेजारी वापराची नोंदवही असेल तर शेवटची नोंद कधीची ते पाहा. रसायनशाळेत धूर ओढून घेणारे कपाट चालू करून दाखवायला सांगा. कित्येकदा त्यात बाटल्यांची अडगळ असते. आणि एखाद्या विद्यार्थ्याचे जर्नल चाळायला मागा. दहा प्रयोगांखाली एकाच तारखेच्या सह्या असतील तर पुढे काही विचारायची गरज नाही.

ग्रंथालयात एकूण पुस्तकांचा आकडा अभिमानाने सांगितला जातो. त्यापेक्षा नेमलेल्या पुस्तकाच्या किती प्रती आहेत आणि परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिका किती वाजता बंद होते, हे जास्त उपयोगाचे.

नोकऱ्यांचे आकडे सावधपणे घ्यावेत. नऊ जणांना वर्षाला ४ लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले, तर सरासरी निघते ८ लाख. प्रत्यक्षात ८ लाख कुणालाच मिळालेले नसतात. म्हणून मध्यक विचारावा, म्हणजे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा. इथे तो ४ लाखच आहे. ‘९० टक्के’ म्हटले तर कशाचे, हेही विचारा: वर्गातल्या सगळ्यांचे, की फक्त नाव नोंदवलेल्या पात्र विद्यार्थ्यांचे?

परिसर दाखवायला दिलेला विद्यार्थी निवडलेला असतो, त्यात त्याचा दोष नाही. पण कॅन्टीनच्या रांगेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या तिघांना वेगवेगळे गाठून एकच प्रश्न विचारावा: मागच्या आठवड्यात किती तास झाले नाहीत? उत्तरे जुळली तर विश्वास ठेवायला हरकत नाही. या वेळी आई-वडिलांनी तासभर दुसरीकडे जावे. पालक शेजारी उभे असले की मुले मोकळेपणाने बोलत नाहीत, ना विचारणारी, ना सांगणारी.

वसतिगृहाची नमुना खोली नको, राहती खोली पाहावी. वरच्या मजल्यावरचा नळ सोडून बघावा. खोली सगळी वर्षे मिळते की पहिल्याच वर्षी, आणि रात्री आजारी पडल्यास कुणाला उठवायचे, हे विचारून घ्यावे. वसतिगृह ते वर्ग हा रस्ता अंधार पडल्यावर एकदा चालून पाहिला तर उत्तमच.

एका दिवसात दोनच कॉलेजे बघावीत. तिसऱ्यापासून सरमिसळ होते. प्रत्येक ठिकाणी पहिला फोटो फाटकावरच्या पाटीचा घ्यावा, म्हणजे पुढचे फोटो कुठले याचा घोळ होत नाही. संध्याकाळी आपसात बोलण्याआधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे दहा ओळी लिहाव्यात. आधी बोलले की मोठ्यांचेच मत सगळ्यांचे होऊन बसते. प्रवेश रद्द केल्यास फी किती आणि केव्हा परत मिळते, हे लेखी हाती येईपर्यंत ‘आजच जागा पक्की करा’ या आग्रहाला बळी पडू नये.

कॉलेजांना एकच विनंती. माहितीपत्रकात ‘अमुक वारी, अमुक वेळेत चालू तास बघता येईल’ अशी एक ओळ छापा.

– एक प्राध्यापक