उलटा ग आणि फोंड्याचे प्रेसवाले काका

ती. काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही मशीनला तेल घालायच्या निमित्ताने उठता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, शुभेच्छापत्रावर टॅनग्रॅम या आकार जुळवायच्या कोड्याच्या सात तुकड्यांतून ‘ग’ छापायचा, ही माझी टूम. कागदावर तो झकास जमला होता. दोन मोठ्या त्रिकोणांचा काना, त्याच्या डावीकडे चौरस, मधला त्रिकोण आणि दोन धाकटे, आणि तळाशी डावीकडे वळणाऱ्या गाठीला समांतरभुज चौकोन. सुताराकडून सागवानी तुकडे कापून घेतले, छपाईच्या खिळ्याच्या (टाइपाच्या) उंचीचे, म्हणजे 0.918 इंच. तुमच्या प्रेसमध्ये येऊन ते मोठ्या दिमाखात मांडले. तुम्ही काही बोलला नाहीत. शाई लावलीत, एक प्रूफ काढलंत आणि माझ्या हातात दिलंत. ग उलटा!

“आरशांत पळय, बाय,” आरशात बघ, एवढंच म्हणालात.

खिळा उलटा असतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. स्क्रीनवर काम करून करून मी ते विसरले होते.

सहा तुकडे लगेच जागेवर आले. त्रिकोण आणि चौरस आरशातही तसेच दिसतात, नुसते फिरवले की काम भागतं. सातवा काही बसेना. समांतरभुज चौकोन कितीही गरगर फिरवा, त्याचा कल बदलत नाही, तो पालथाच करावा लागतो. कोडं खेळताना आपण तो कधी पालथा करतो ते कळतही नाही. पण माझ्या तुकड्यांची एकच बाजू छापण्याजोगी गुळगुळीत होती. मी नवा कापून आणायला निघाले, तर तुम्ही तोच पालथा केलात, खरखरीत बाजू पॉलिश पेपरवर घासत बसलात, मधूनमधून डोळे मिटून बोट फिरवत. घासून उंची कमी झाली, ती खालून कागद डकवून भरून काढलीत. तीन कागद लागले. तिसरा पतंगाचा.

मग चेसमध्ये, म्हणजे खिळे आवळायच्या लोखंडी चौकटीत, आवळायची पंचाईत. चौकोनी खिळे चहूबाजूंनी दाबले की घट्ट बसतात, त्रिकोण मात्र तिरक्या कडेवरून सटकतात. दुसऱ्या दिवशी आले, तर गच्या भोवतालच्या मोकळ्या जागेत 45 अंशांत कापलेले बुटके ठोकळे बसवून तुम्ही फर्मा तयार ठेवला होता. हे मी मागितलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं.

शिरोरेघेवरून आपलं थोडं वाजलं. ती तुम्ही पितळी रुळाची, म्हणजे रेघ छापायच्या पट्टीची, घातलीत आणि मी ‘आठवा तुकडा म्हणजे फसवणूक’ म्हणून रुसले. आता छापलेलं बघते, तर तुमचं बरोबर होतं. गणपतीवर टांगतात त्या माटोळीची चौकट वेगळी आणि तिला टांगलेली फळं वेगळी.

पावसात शाई दोन दिवस ओलीच राहिली. दोरीवर साठ ग लटकताहेत, वर पंखा, आणि खाली तुम्ही 1556 सालात. जुन्या गोव्यात छापखाना तेव्हा उतरला, हे ऐकल्याशिवाय तुमच्याकडून कोणी सुटत नाही. फादर स्टीफन्स यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं ते रोमन अक्षरांत, कारण नागरी खिळेच नव्हते, हे तुम्ही असं सांगता की जणू ती ऑर्डर तुमच्याच हातून गेली! त्या दुपारी ते ऐकताना मी पहिल्यांदा दोरीवरच्या गकडे नीट पाहिलं.

पैसे तुम्ही फक्त कागदाचे घेतलेत. त्यावर भांडायचं नाही असं ठरवलं आहे. आईने नेवऱ्यांचं (करंज्यांचं) पुरण केलंय, पंचमीला डबा घेऊन येते. आणि तो पहिला उलटा ग तुम्ही खिळ्यांच्या केसच्या कपाटाला आतून चिकटवलाय, तो मी पाहिलाय. राहू दे तिथेच.

तुमची,
सात तुकडेवाली