तहान लागण्याची वाट पाहू नका

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

उष्णतेच्या लाटेचा इशारा आला की फोनवरचे आपले बोलणे ठरल्यासारखे होते. मी जपून राहायला सांगते, बाबा "असे किती उन्हाळे पाहिले आम्ही" म्हणतात आणि आई "आम्हांला नाही गं एवढं उकडत" असे म्हणून दुसरा विषय काढते. बाबांच्या म्हणण्यावर निदान वाद घालता येतो. आईचे वाक्य ऐकून मात्र माझी काळजी वाढते, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते आहे.

उकडणे आणि तहान लागणे या शरीराने आपल्याला दिलेल्या सूचना आहेत, आणि उतारवयात नेमक्या याच सूचना मंदावतात. शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास असते आणि त्वचेचे त्याहून थोडे कमी, साधारण ३५ अंश. भोवतालची हवा त्वचेपेक्षा थंड असेपर्यंत शरीरातली उष्णता आपोआप बाहेर पडते. हवा त्याहून तापली की उष्णता उलट आत येऊ लागते आणि शरीराजवळ घामाचा एकच उपाय उरतो. तोही घाम नुसता येऊन भागत नाही, तो त्वचेवरून वाळावा लागतो, त्यामुळे दमट हवेत पारा कमी असूनही जीव अधिक घाबरतो. वय वाढले की घाम उशिरा आणि कमी येतो, उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडे जास्तीचे रक्त पाठवणे हृदयाला जड जाते, मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवणे पूर्वीइतके जमत नाही, आणि शरीरात पाणी कमी पडले तरी मेंदू तहानेची जाणीव पुरेशी करून देत नाही. म्हणून आईला उकडत नाही याचा अर्थ तिला ऊन बाधत नाही असा होत नाही. आणि बाबा, तुम्ही पाहिलेले उन्हाळे खरेच आहेत, पण त्यांतले बहुतेक तुम्ही तरुण शरीराने पाहिले आहेत.

२००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये आलेल्या लाटेत सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते, आणि त्यांतले कितीतरी जण उन्हात फिरताना नव्हे, तर आपल्याच तापलेल्या घरात गेले. उष्माघात हा बाहेर राबणाऱ्यालाच होतो असे आपण धरून चालतो. वृद्धांच्या बाबतीत तो खुर्चीत बसल्या बसल्या, दोन-तीन दिवसांत हळूहळू ताण साठत जाऊनही होतो. शिवाय अशा दिवसांत होणारे अनेक मृत्यू उष्माघाताचे म्हणून नोंदलेच जात नाहीत, कारण वाढलेल्या कामाने आधी थकते ते हृदय. म्हणून "आम्ही कुठे बाहेर पडतो" या उत्तराने माझे समाधान होत नाही.

तेव्हा माझे मुख्य सांगणे एवढेच आहे की या दिवसांत अंगाला काय वाटते यावर न जाता घड्याळ आणि तापमापक यांच्यावर चालावे. पाणी तहान लागल्यावर प्यायचे नाही, तासातासाला एक पेला घ्यायचा; जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही दर तासाला एक पेला आणि दिवसभरात किमान दोन ते तीन लिटर असाच आहे. रात्री उठावे लागू नये, गुडघ्यांना त्रास होऊ नये, म्हणून आई संध्याकाळनंतर पाणी जवळजवळ बंद करते हे मला ठाऊक आहे. तिची अडचण खरी आहे, पण तिच्यावर पाणी कमी पिणे हा उपाय नव्हे. दिवसाचा मोठा वाटा सकाळपासून दुपारपर्यंत संपवावा, संध्याकाळी थोडे थोडे घ्यावे आणि न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्रभर एक मंद दिवा ठेवावा. बाबांना हृदयविकारासाठी डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घालून दिली आहे, त्यामुळे हा हिशेब त्यांना लागू नाही; या दिवसांपुरती ती मर्यादा बदलायची का, हे डॉक्टरांनाच विचारायचे. लघवीचा रंग गडद झाला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे, मात्र आई ब जीवनसत्त्वाची गोळी घेते आणि त्या गोळीने रंग एरवीही पिवळा दिसतो. जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यावे, चमचा चहाचा. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांनी हे पाणी रोजचे पेय म्हणून पिऊ नये.

सगळ्यांत जास्त लक्ष हवे ते औषधांकडे, आणि नेमकी तीच गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. बाबांची लघवी वाढवणारी गोळी शरीरातले पाणी आणि क्षार बाहेर टाकते. थंडीत ती तिचे काम बिनबोभाट करते, पण कडक उन्हाळ्यात तिच्यामुळे रक्तदाब एकदम उतरून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, आणि या वयात पडणे हे उन्हाइतकेच भयंकर. हृदयाचे ठोके संथ ठेवणारी गोळी हृदयाला गरजेच्या वेळी वेग वाढवू देत नाही. आईची झोप आणणारी जुन्या प्रकारची ॲलर्जीची गोळी घाम कमी करते. मूत्राशयाच्या आणि नैराश्याच्या काही औषधांचेही तसेच आहे. यांतली एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका किंवा कमी करू नका, ते अधिक धोक्याचे ठरेल. लाट येण्याआधीच डॉक्टरांना सगळी यादी दाखवून मात्रा बदलायची का, एवढे विचारून घ्यायचे. आईचे इन्सुलिन तापलेल्या त्वचेतून रक्तात लवकर शोषले जाते, त्यामुळे साखर अचानक उतरू शकते, आणि तेव्हाचा घाम व भोवळ उन्हामुळेच आहे असे वाटून वेळ जातो. अशा वेळी आधी साखर तपासावी. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरात असलेले किती तापमानापर्यंत चालते ते वेष्टनावर लिहिलेले असते.

घराबद्दल थोडे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेपर्यंत खिडक्या आणि पडदे बंद ठेवावेत आणि रात्री उशिरा ते पहाटेपर्यंत सगळे उघडावे. ऊन काचेच्या बाहेरच अडवता आले तर आतल्या पडद्यापेक्षा पुष्कळ फरक पडतो. भिंती आणि छत दिवसभर साठवलेली उष्णता रात्री परत देतात, म्हणून छताखालची खोली सोडून खालच्या खोलीत झोपावे. शरीराची भरपाई रात्रीच होते, आणि रात्र तापलेली गेली तर दुसरा दिवस आधीच थकून उजाडतो. खोली दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांखाली असावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्रीचा आकडा बऱ्याच घरांत कागदावरच राहील, पण ३२ ही मर्यादा मात्र काटेकोर मानावी आणि ती ओलांडली की वीजबिलाचा विचार न करता वातानुकूलन चालू करावे. पंख्याबद्दल आपला एक गैरसमज असतो: पंखा हवा थंड करत नाही, ती फक्त हलवतो, आणि ४० अंशांच्या वर तो तापलेला झोत अंगावर घेणे अपायकारक ठरते. त्याखालीसुद्धा घाम कमी येणाऱ्या माणसाला पंख्याचा पूर्ण उपयोग व्हावा म्हणून हात, मान आणि चेहरा ओल्या कापडाने वरचेवर पुसत राहावे.

बाहेरची कामे आणि चुलीजवळचे काम सकाळीच उरकावे. हवामान खाते सांगते ते तापमान सावलीत मोजलेले असते, त्यामुळे प्रत्यक्ष उन्हात अंगाला सोसावे लागते ते त्याहून अधिक असते. हंगामातली पहिली लाट अधिक घातक, कारण शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि वयस्करांना त्याहूनही अधिक.

आता लक्षणांविषयी. डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे, फार थकवा वाटणे, यांतले काहीही झाले की थंड जागी आडवे होऊन घोट घोट पाणी प्यावे आणि अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर डॉक्टरांना बोलवावे. पण बोलणे असंबद्ध झाले, माणूस गोंधळला, चिडचिडा झाला किंवा अंग भाजत असूनही कोरडे लागले, यांतले एक जरी दिसले, तर तो उष्माघात समजून ताबडतोब रुग्णवाहिका बोलवायची, आणि ती येईपर्यंत नुसते बसून राहायचे नाही. कपडे सैल करून अंगभर पाणी शिंपडायचे, वारा घालायचा, मान, काखा आणि जांघा यांवर गार कापड ठेवायचे. शुद्ध हरपलेल्या माणसाला तोंडाने पाणी द्यायचे नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापाची गोळीही देऊ नये. हा ताप जंतुसंसर्गाचा नसल्याने तिने उतरत नाही. ज्याला भ्रम होतो त्याला स्वतःला तो कळत नाही, म्हणून तुम्ही एकमेकांवर लक्ष ठेवायचे, आणि एक जण बाहेरगावी गेला तर दुसऱ्याने दुपारी शेजाऱ्यांना आत बोलवायचे. घराची एक किल्ली त्यांच्याकडे देऊन ठेवावी असे मला वाटते; बाबांना हे आवडणार नाही, तरी ते करावे.

औषधांच्या सगळ्या पाकिटांचे फोटो मला आजच पाठवा, म्हणजे मी डॉक्टरांशी बोलून घेते. खोलीचे तापमान मोजणारा एक तापमापक पाठवला आहे. तो झोपण्याच्या खोलीत, पलंगाच्या उंचीला, खिडकीपासून दूर ठेवा. मी सकाळ-संध्याकाळ फोन करीन, तेव्हा उकडते की नाही ते नंतर सांगा. आधी त्यावरचा आकडा आणि दोघांनी किती पेले पाणी प्यायले ते सांगा.

तुमची,
लेक