कम्प्युटरचं ठरलं, पण आधी अर्थिंग

पुणे, फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच बोलले असते, पण फोनवर बाबा "बरं, पाहू" म्हणतात आणि पाहता पाहता वर्ष निघून जातं. शिवाय फोन स्पीकरवर असतो. मधूनच आई तुरीचे पोते मोजायला लागते आणि विषय वावरात जाऊन बसतो. म्हणून लिहिते आहे. आईनं मोठ्यानं वाचावं, बाबांनी मधे बोलू नये.

सरळच सांगते. आपला कम्प्युटर आता दुरुस्त करायचा नाही. दुसरा घेतला आहे. पैसे देऊन झाले आहेत, होळीला येताना सोबत घेऊन येते. रागावू नका बाबा, शेवटपर्यंत वाचा आणि मग काय रागवायचं ते रागवा.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. चाक मोडलं म्हणून कोणी बंडी विकत नाही. आणि खरं सांगायचं तर अर्धं म्हणणं बरोबरही आहे. चार-पाच वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, हार्ड डिस्क काढा, एसएसडी म्हणजे ती वेगवान डिस्क टाका, रॅम म्हणजे चालू कामाची मेमरी चार जीबीची आठ करा. सुरू होताना तुमचा चहा पिऊन होतो ना, तो अर्ध्या मिनिटात सुरू झाला असता. टायपिंग, फोटो, बँक, एवढ्यालाच तो लागतो, त्याला तेवढं पुष्कळ होतं. पण आता चाकासोबत कणाही गेला आहे. दिवाळीत मी त्याचं झाकण उघडलं तेव्हा मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरच्या, दोन कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांची) डोकी फुगलेली दिसली होती. त्या वेळी बोलले नाही, कारण पाहुणे होते आणि तुमचं तोंड उतरलं असतं. मदरबोर्ड बदलायचा तर त्या पिढीचा नवा मिळत नाही, कुणाच्या तरी कम्प्युटरमधून काढलेला मिळतो. म्हणजे जुन्याच्या जागी जुनंच, आणि त्याची हमी कोण देणार? नवी रॅम, नवी एसएसडी, वर हा बोर्ड. सध्या रॅमचे भाव चढलेत ते वेगळंच. निम्मे पैसे घालून पुन्हा देवाचं नाव घेत बटण दाबायचं.

दुसरं कारण विंडोजचं. २०१६ मध्ये आपण सातावरून दहावर फुकटात गेलो होतो, आठवतं? त्या दहाची देखभाल कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केली. नोंदणी केली तर सुरक्षेची डागडुजी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते, पुढं ती पण नाही. अकरा नंबरच्या विंडोजला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. आपला आय-थ्री दुसऱ्या पिढीचा आहे. तालुक्याचा तो पोरगा म्हणाला असेल, "काका, जुगाड करून अकरा टाकून देतो." टाकता येतं, खोटं नाही. पण कंपनी अशा मशीनची जबाबदारी घेत नाही, पुढचे अपडेट येतील न येतील. खेळायच्या कम्प्युटरवर मी हरकत घेतली नसती. तुम्ही त्यावर पेन्शनचं खातं उघडता, बाबा.

दादा म्हणत होता विंडोजऐवजी लिनक्स टाका. त्याचं चुकत नाही, जुन्या मशीनवर ते छान चालतं. पण अडलं की दादा काही संध्याकाळी येऊन बसणार नाही आणि मीही नाही. तुम्हाला ज्या खिडक्या-बटणांची सवय आहे तीच राहू द्यावीत, असं मला वाटतं.

आता घेतलं काय ते. कोरा करकरीत घेतलेला नाही, हे वाचून तरी कपाळावरच्या आठ्या जातील. मोठ्या कंपन्या काही वर्षं वापरून आपले कम्प्युटर काढून टाकतात, ते तपासून, साफ करून पुन्हा विकतात. तसला आहे. आठव्या पिढीचा, त्यावर अकरा रीतसर चालतं. आकारानं आईच्या मसाल्याच्या डब्याएवढा. लॅपटॉपसारखं ॲडॅप्टर आहे, ते १०० ते २४० व्होल्टमध्ये चालतं. म्हणजे संध्याकाळी साऱ्या शिवारातले पंप सुरू झाले आणि दिवे पिवळे पडले की तुमचा कम्प्युटर जो आपोआप बंद होऊन चालू होतो, ते थांबेल. वीज इतकी कमी खातो की घरच्या इन्व्हर्टरवर पंख्यासोबत आरामात चालेल. तो रात्रभर टूं टूं करणारा यूपीएस काढून टाका.

वाचलेले पैसे मी पडद्यात घातले. स्क्रीन मात्र नवी कोरी आहे, चोवीस इंची. बाबा, यात तुमचं काही ऐकणार नव्हते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचा मोतीबिंदू पिकतो आहे आणि तुम्ही त्या साडेअठरा इंचात नाक खुपसून बसता. अक्षरं दीडपट करून देईन. आणि स्क्रीन पाटावर ठेवायची नाही. चष्म्याच्या खालच्या भिंगातून वाचायला तुम्ही हनुवटी वर करता, मान त्यानंच दुखते. पाट देवघरात परत जाऊ द्या. स्क्रीन खाली असली म्हणजे मान सरळ राहील. टेबल खिडकीसमोर आहे ते फिरवून घ्या, उजेड बाजूनं यायला पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कम्प्युटर बंद आहे तो बंदच ठेवा. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मला तो आवाज ऐकू आला. टक्, थोडं थांबून टक्, पुन्हा टक्. बाबा म्हणाले पाल असेल. पाल नाही. हार्ड डिस्क मरायला टेकली की असा आवाज करते, आणि दर वेळी सुरू केली की आतलं आणखी खराब होऊ शकतं. त्यात आजीच्या ओव्या आहेत. आईनं पहाटे आठवून आठवून सांगितलेल्या, बाबांनी दोन बोटं नाही, दहाही बोटांनी टाइप केलेल्या. फोटो माझ्याकडे आहेत, पण ओव्यांची पेनड्राइव्हवरची प्रत जुनी आहे, त्यात पुढच्या ओव्या नाहीत. म्हणून कोणी कितीही हुशार आला आणि "फॉरमॅट मारून देतो" म्हणाला तरी हात लावू द्यायचा नाही. चहा पाजा आणि वाटेला लावा. मी आले की डिस्क काढून पुण्याला आणते, इथं दाखवते. निघालं तर सगळं निघेल. नाही निघालं तर आई आहे, आई पुन्हा सांगेल. सांगशील ना ग?

बाबा, तुम्हाला टायपिंग पुन्हा शिकावं लागेल ही भीती मनातून काढा. तीसची मराठी टायपिंगची परीक्षा तुम्ही ज्या कळांवर दिली, त्या रेमिंग्टनच्या कळा तशाच राहतील. फक्त आत कृतिदेव फाँटऐवजी युनिकोड असेल, म्हणजे सगळ्या मशीनांना कळणारी अक्षरं. आत्ता तुमची फाइल मी माझ्या ऑफिसात उघडली तर ओवीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण कृतिदेव फाँट तिथं नाही. युनिकोडमध्ये आलं की फोनवरही दिसेल, नातवाला पाठवता येईल. जुन्या फाइली बदलून देणारं साधन मिळतं, पण ते रफार आणि पहिल्या वेलांटीची वाट लावतं. ते तपासायला मास्तरच लागतात. लाल पेन काढून ठेवा.

आणि पैशांचं काढू नका. आई म्हणेल, "कायले घेतं व माय, चालू त हाये." हिशेबच काढायचा तर २०११ पासून काढू, मग मीच देणं निघते. त्या वर्षी कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, सहा हजाराच्या वर. सगळ्यांच्या घरी मोटारसायकली आल्या आणि आपल्या घरी कम्प्युटर आला. फाट्यावरून बंडीत, खाली कुटाराचा हातभर थर, खोक्याला दोन्ही हातांनी धरून मी आणि दादा. बैल जरा जोरात चालले की बाबा ओरडायचे. आईनं कॅबिनेटला कुंकवाचं बोट लावलं ते अजून तिथं आहे, दिवाळीत धूळ पुसताना मी ते वाचवत पुसलं. तुमची मोटारसायकल त्यानंतर किती वर्षांनी आली, बाबा? मी शहरात शिकले, नोकरी लागली, ते त्या कम्प्युटरवर लागलं. तो मला काही सोपा नाही टाकायला. टाकणारही नाही. भंगारवाल्याला तर मुळीच द्यायचा नाही. कॅबिनेट माडीवर राहील.

आता मी जरा डोकं खाणार आहे. कम्प्युटरपेक्षा हे जास्त मनावर घ्या.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, असं आई सहज बोलून गेली. बाबा म्हणाले, चप्पल घालून बसतो. असं चालणार नाही. दोष कम्प्युटरचा नाही, घराला अर्थिंगच नाही. सप्लायच्या डब्यात गाळणीसारखं एक सर्किट असतं, ते थोडा करंट पत्र्यावर सोडतं आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी रचना असते. आपल्याकडे प्लगचं तिसरं भोक नुसतं दिसायला आहे, मागं तार नाही. तो करंट मग हाताला लागतो. फार थोडा असतो, जीव घेत नाही. पण होळी झाली की तुम्ही कूलर लावाल. कूलरचा पत्रा तोच, पंप पाण्यात, फरशी ओली, आईचे पाय अनवाणी. पंपाची तार आत कुठं उघडी पडली तर तो करंट झिणझिण्यांचा नसतो. दर उन्हाळ्यात आपल्याकडच्या पेपरात कूलरच्या करंटची बातमी असते. आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

तर मी यायच्या आधीच फाट्यावरच्या वायरमनला बोलवा. अर्थिंगचा खड्डा न्हाणीच्या मागं घ्या, तिथं ओल असते. आपली काळी जमीन, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, कोरडी झाली की अर्थिंग नुसतं नावाला उरतं. मीठ-कोळसा टाकून नीट करायला सांगा आणि एप्रिल-मे मध्ये रोज तिथं बादलीभर पाणी ओता. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. वायरमन त्याला ईएलसीबी म्हणेल, तेच. सगळ्या तीन पिनच्या प्लगांना अर्थिंगची तार गेली पाहिजे, फक्त कम्प्युटरच्या नाही. "काका, एवढं कशाला" म्हणाला तर मला फोन लावून द्या.

आई, हे तुझ्यासाठी. कूलरमध्ये पाइप सोडून, कूलर चालू ठेवून तू पाणी भरतेस, मी पाहिलं आहे. आधी प्लग काढायचा, मग पाणी. दर वेळी. खसाच्या ताट्या बदलायला बाबांनी शिडीवर चढायचं नाही, काकांच्या पोराला सांगायचं. आणि प्लग हलवायला बाबा टेबलाखाली वाकतात ते बंद. ऑपरेशनच्या डोळ्याला वाकणं चांगलं नाही असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, त्याची मुदत संपली म्हणून काय वाकायलाच पाहिजे? मी स्विचबोर्ड टेबलावरच घेऊन देते.

आई, तुझ्या कामाचंही बघितलं आहे. स्क्रीनवर कॅमेरा आहे. मी स्वयंपाक करत असले तरी तू तिकडून माझ्या फोडणीला नावं ठेवू शकशील. बचत गटाचा हिशेब एका कागदावर लिहून तयार ठेव, मी तो बसवून देते, बेरीज आपोआप होईल. कीर्तनाला वेगळे स्पीकर आणते, आवाज फुटणार नाही. तुझा विणलेला रुमाल मात्र नव्या डब्यावर टाकायचा नाही, त्याला हवा लागते. स्क्रीनवर टाक, रात्री. दिवसा काढून ठेव. बरं, दिवसाही टाक, पण बंद असताना.

होळीच्या आधी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं धामणगावला उतरते, तिथून यवतमाळ आणि मग आपली बस. घ्यायला येऊ नका, सामान जास्त नाही. येणारच असाल तर फाट्यापर्यंत या, आणि उन्हाच्या आत. बाबा, बीपीची गोळी आणि डोळ्यांचे थेंब यातलं एकही चुकलं तर मला आई सांगतेच. मी आले की मला पातोडीची भाजी आणि भाकर पाहिजे, दुसरं काही करू नको, थकशील.

थोर काकांना नमस्कार, बारक्याला पापा.

तुमची,
ताई

ता. क. : वायरमन काम करून गेला म्हणजे लगेच पैसे देऊ नका. आरसीसीबीवर टी लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दाबून पाहा. खट्कन ट्रिप झालं पाहिजे. तेच बटण पुढं दर महिन्याच्या एक तारखेला, पेन्शनच्या दिवशी, दाबत जा. टेबलाची लांबी-रुंदी मोजून फोनवर कळवा, पट्टी माझ्या जुन्या कंपासमध्ये आहे.