ती पावती मोडा, बाबा

आखेन, रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

गेल्या रविवारी बाबांनी फोनवर विचारलं, "सीमाच नाही म्हणतेस, तर मग परत हे कागद कसले?" मी नंतर सांगते म्हणून विषय टाळला. मग आईने फोन स्वयंपाकघरात नेला आणि हळू आवाजात जे सांगितलं, त्याने मला रात्रभर झोप लागली नाही. दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी येऊन मिळतं आणि ते फोनवर सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसले. चिऊ आत्ताच झोपली.

पुढच्या महिन्यात आम्ही आखेन सोडून मास्ट्रिक्टला राहायला जातोय हे तुम्हाला माहीत आहेच. अंतर साधारण सावंतवाडीहून म्हापशाला जावं तेवढंच. मधे वाल्स नावाचं गाव लागतं आणि तिथे जर्मनी संपून नेदरलँड्स कधी सुरू झालं ते रस्त्याला बघून कळत नाही. कळतं ते पाट्यांची भाषा बदलते तेव्हा. बाबा, बांद्याहून पत्रादेवीला जाताना तुम्ही मला जी जागा दाखवायचात ना, "हयसून फुडे पोर्तुगीज" म्हणून, तिची मला तिथे दर वेळी आठवण येते.

प्रसादच्या पोर्तुगीज पासपोर्टचा तुम्हाला राग आहे, मला माहीत आहे. आजोबांची धाकटी बहीण पेडण्यात दिलेली. 1955 च्या 15 ऑगस्टला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्यानंतर सीमा बंद झाली आणि सख्ख्या बहिणीची भेट सहा वर्षं झाली नाही, हे तुम्ही कितीदा सांगितलंय. त्याच पेडण्यात 1957 साली माझ्या सासूबाई जन्मल्या. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगाल अजूनही आपले नागरिक म्हणून नोंदवून घेतो. त्या नोंदीवर प्रसाद पोर्तुगीज झाला आणि त्याच दिवशी भारतीय राहिला नाही, कारण आपल्या कायद्याने आपणहून दुसरं नागरिकत्व घेतलं की पहिलं जातं. त्याचं भारतातलं मतदान गेलं. पेडण्याचं कुळागर वारसाने त्याला मिळेल, पण शेतजमिनीचा नवा तुकडा त्याला विकत घेता येणार नाही. त्याने हे सगळं समजून केलं. तुम्ही लग्नात त्याच्याशी त्यावर एक शब्दही बोलला नाहीत, ते त्याने आजवर लक्षात ठेवलंय.

मी मात्र भारतीयच आहे, बाबा. तुम्ही दर वेळी वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारता. परवा तर सरळच म्हणालात, "तू आता थंयच रवतलंस काय गो?" म्हणून स्पष्ट लिहिते. माझा पासपोर्ट अजून तोच निळा. इथे राहण्याचा, काम करण्याचा माझा हक्क प्रसादच्या हक्काला बांधलेला आहे. युरोपीय संघाच्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशात राहायला गेला, की त्याची बायको, मुलं, काही वेळा आई-वडील, ते कुठल्याही देशाचे असले तरी त्याच्याबरोबर राहू शकतात. 2004 चा तसा कायदा आहे. मी जून 2022 ला आले तेव्हा मला कामाचा वेगळा परवाना काढावा लागला नाही, इस्पितळाच्या लॅबमध्ये थेट रुजू झाले, ते त्यामुळेच. चिऊ आखेनमध्ये जन्मली तरी जर्मन नाही. बापाकडून पोर्तुगीज आहे, आणि लिस्बन तिने अजून बघितलेलंही नाही.

गंमत बघा, हा हक्क हललेल्यालाच मिळतो. माझ्या लॅबमधल्या एका जर्मन सहकाऱ्याची बायको नाशिकची आहे. तो आपल्याच देशात राहतो, म्हणून हा कायदा त्याला लागू नाही. सासू-सासऱ्यांना आणायचं तर जर्मनीचा स्वतःचा कायदा, आणि तो फार कडक. सुरिंदर सिंग नावाच्या आपल्याच एका माणसाने हे कोर्टात नेलं होतं. बायको ब्रिटिश. दोघं जर्मनीत दोन-अडीच वर्षं नोकरी करून इंग्लंडला परतले. 1992 मध्ये युरोपच्या न्यायालयाने म्हटलं, की बाहेर जाऊन काम करून परतणाऱ्याला आपल्याच देशात कमी हक्क कसे चालतील? तो निकाल आजही त्याच्या नावाने ओळखला जातो.

आता बाबांचा प्रश्न. सीमा प्रसादला नाही, मला आहे. दर देशात माझं तिथे राहण्याच्या हक्काचं कार्ड नव्याने काढावं लागतं. जर्मनीचं कार्ड मास्ट्रिक्टमध्ये फक्त मी कोण ते सांगेल. सलग पाच वर्षं एका देशात झाली की कायम राहण्याचा हक्क मिळतो, मग तो प्रसादच्या नोकरीवर अवलंबून राहत नाही. माझी इथे सव्वातीन वर्षं झाली. ती आता कामाची नाहीत, तिकडे पहिल्या दिवसापासून मोजायचं. एवढंच नाही, प्रसाद राहायला एका देशात आणि नोकरीला दुसऱ्या देशात जाऊ शकतो. मला तो हक्क आपोआप नाही, मी काम करायचं ते तो जिथे हक्क वापरतो तिथेच. म्हणून लॅबचा राजीनामा दिला. गेल्या महिन्यात मास्ट्रिक्टहून घर बघून येत होतो तेव्हा बसमध्ये पोलीस चढले. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्या जमिनीच्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे. प्रसादचं ओळखपत्र पोलिसाने नुसतं पाहिलं. माझं कार्ड उलटलं, परत सुलटं केलं, पासपोर्ट मागितला, पानं चाळली. अगदी नम्रपणे. चिऊ माझ्या मांडीवर, तिचं बोट त्या कार्डावरच्या माझ्या फोटोवर. तेवढ्या अर्ध्या मिनिटात मला कळलं की आमच्या तिघांत सीमा कुठून जाते.

आईने मागे विचारलं होतं, प्रसादचं काही बरंवाईट झालं तर तुझं काय? आई, त्याचीही सोय आहे. त्या देशात वर्षभर त्याच्याबरोबर राहिलेली असले तर तेवढ्या कारणाने मला घालवून देता येत नाही. लग्न मोडलं तरी, ते तीन वर्षं टिकलेलं आणि त्यातलं एक वर्ष त्या देशातलं असेल, तर हक्क राहतो. आणि वर्षाला सहा महिन्यांपर्यंत मी तुमच्याकडे राहिले तरी पाच वर्षांची मोजणी तुटत नाही.

तुम्ही म्हणाल, मग जायचंच कशाला? प्रसादला नोकरी मास्ट्रिक्टला लागली हे खरं, पण तो इथूनही रोज ये-जा करू शकला असता. माझी लॅब राहिली असती, पावणेदोन वर्षांत कायमचा हक्क मिळाला असता. आम्ही तीन रात्री यावरच बोललो. शेवटी जायचं ठरलं त्याचं कारण तुम्ही दोघं आहात. हे ऐकून तुम्हाला बोजा वाटेल म्हणून मी लपवून ठेवलं होतं. आता लपवत नाही.

मघाशी लिहिलं ना, काही वेळा आई-वडील? त्यात नवऱ्याचे आणि बायकोचेही आले. तुम्ही दोघं प्रसादचे सासू-सासरे म्हणून आमच्याकडे येऊन राहू शकता. पाहुण्यासारखे नव्वद दिवस नव्हे, कायमचे. त्या व्हिसाला फी नसते. जर्मनीत मला भीती होती ती दवाखान्याची: आमच्या सरकारी विम्यात आई-वडील बसत नाहीत, आणि या वयात खाजगी विमा शोधायचा तर कोण घेतं? नेदरलँड्समध्ये हक्काने राहायला आलेल्या माणसाला मूळ आरोग्यविमा कंपनीला नाकारताच येत नाही. वय बघून, साखर बघून, हृदय बघून हप्ताही वाढवता येत नाही. आईचा हप्ता आणि माझा हप्ता सारखाच. हे वाचलं त्या दिवशी मी प्रसादला म्हटलं, चल, जाऊ.

पण अट एकच आहे, आणि तिथेच आईने सांगितलेली गोष्ट येते. कायद्यातला शब्द आहे 'अवलंबून'. आई-वडील मुलांवर अवलंबून असले पाहिजेत. आपल्याच देशात, आपल्याच घरात, आम्ही पाठवतो त्या पैशांशिवाय त्यांच्या मूलभूत गरजा भागत नाहीत, असं दिसलं पाहिजे. 2007 आणि 2014 च्या दोन निकालांत न्यायालयाने हे उलगडून सांगितलंय: का अवलंबून आहेत ते विचारायचं नाही, आहेत का एवढंच बघायचं, आणि बराच काळ नियमित पैसे येत असणं हा त्याचा पुरावा. म्हणून मी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पैसे देत नाही, दर पाच तारखेला बँकेतूनच पाठवते. तुम्हाला ते परकं वाटलं होतं, मला आठवतंय.

आणि आई म्हणते, त्या पैशांना तुम्ही हात लावत नाही. दर महिन्याचे पंधरा हजार साठले की बँकेत पावती करता, आईच्या नावाने, वारस म्हणून माझं नाव लावून. पोरीचे पैसे पोरीला.

बाबा, तुम्ही बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलीत. रात्रीच्या वस्तीच्या गाड्या केल्यात. तुमच्या तोंडून "मी पोरीवर अवलंबून" हे कधी निघणार नाही. पण पेन्शन तीन हजारांच्या आत आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू दोन वर्षं पुढे ढकलताय. माजघरात कौलं गळतात आणि आई त्याखाली आजीचं पितळी तपेलं ठेवते; फोनवर बोलताना मागे टप टप ऐकू येतं, मी विचारलं तर म्हणते नळ गळतोय. तुमची गरज आहे, ती तुम्ही आवळून धरली आहे. उद्या एखादा अधिकारी पासबुक बघेल आणि म्हणेल, पैसे तर जसेच्या तसे पडून आहेत, म्हणजे यांचं त्या पैशांवाचून भागतंय. त्याचं चूकही नसेल. त्याला तपेलं दिसत नाही.

खोटं काही करायचं नाहीये. तुम्हाला खरंच गरज नसती तर मी हा अर्ज कधी मनातही आणला नसता. आणि या, असाही माझा हट्ट नाही. आईला तुळशीशिवाय आणि तुम्हाला संध्याकाळी मोती तलावाच्या फेरीशिवाय करमणार नाही, हे मला कळतं. इथे डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. कदाचित तुम्ही कधीच येणार नाही. पण ज्या दिवशी दोघांपैकी एकाला दुसऱ्याला उचलून उठवता येणार नाही, त्या दिवशी दार उघडं असावं. आणि ते दार त्या दिवशी नव्याने बांधता येत नाही, त्याआधीची वर्षं लागतात.

तर ती पावती मोडा, बाबा. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज कमी मिळेल, मिळू दे. आधी डोळा. ओरोसला की कुडाळला ते तुम्ही ठरवा, पण दिवाळीच्या आत. मग कौलं, सुताराला पावसाआधी सांगितलंत तर रीपही बदलून देईल. दोन्हीची बिलं तुमच्या नावाने घ्या आणि माझ्या जुन्या शाळेच्या पेटीत ठेवा, वरच्या कप्प्यात. पैसे पाच तारखेला येतील तसेच येत राहतील, त्यातून किराणा, औषधं, वीजबिल भागवा.

मास्ट्रिक्टच्या घराला तळमजल्यावर एक छोटी खोली आहे, मागच्या अंगणाकडे उघडणारी. सध्या तिथे चिऊची सायकल ठेवणार आहोत.

डोळ्याची तारीख ठरली की आईला सांगा मला कळवायला. मी त्या आठवड्यात येते.

तुमची,
बाय