बाबांची गोळी आणि पेशीचा हिशेब

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रावेरच्या लग्नाच्या धावपळीत बाबांच्या मेटोप्रोलॉलच्या गोळ्या संपल्या आणि ‘बीपी आता बरोबर आहे’ म्हणून चार दिवस त्या आणल्याच गेल्या नाहीत, हे आईने काल सांगितले. पाचव्या रात्री सदऱ्यावरूनही दिसेल इतकी छाती धडधडली. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, हे बरे झाले. बाबा मात्र उन्हाला दोष देतात. ऊन आपल्याकडे दर वर्षीच असते. मला कारण वेगळे दिसते आणि ते फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

वखारीत एक फणी आधी पिकली की शेजारची कच्ची फळेही भराभर पिवळी पडतात, हे मला बाबांनीच लहानपणी दाखवले होते. पिकणारे केळे इथिलीन वायू सोडते, तो शेजारच्या फळातील पेशींच्या रिसेप्टरांना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, जाऊन चिकटतो, आणि मग ते फळ स्वतःच आणखी इथिलीन बनवू लागते. संदेशानेच संदेश वाढतो. केळ्याला हे चालते, हृदयाला चालणार नाही.

हृदयाच्या पेशीवर अॅड्रेनॅलिनसाठी, म्हणजे ताणाच्या वेळी धडधड वाढवणाऱ्या संप्रेरकासाठी, जे रिसेप्टर असतात, त्यांना आपण पेशीच्या दारावरची कडी समजू. कडी वाजली की आत निरोप्यांची साखळी हलते आणि ठोके वाढतात. पण कडी सतत वाजत राहिली, तर पेशीतील एक विकर (एन्झाइम) त्या रिसेप्टरच्या आतल्या टोकाला फॉस्फेट जोडते, त्यावर अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन बसते आणि निरोप तिथेच थांबतो. पुढे तो रिसेप्टरच आत ओढला जातो. काही परत दारावर येतात, काही मोडीत निघतात. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट लेफकोवित्झ यांनी 1968 पासून संप्रेरकांना किरणोत्सारी आयोडीन जोडून असे रिसेप्टर शोधायला सुरुवात केली; 2012 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना आणि ब्रायन कोबिल्का यांना याच कुळातील रिसेप्टरांवरील कामासाठी मिळाले.

बाबांच्या बाबतीत हाच हिशेब उलटा चालला. मेटोप्रोलॉल त्या कडीवर हात ठेवून बसते, त्यामुळे पेशीला आवाज कमी येतो. तेव्हा ती काही आठवड्यांत दारावर आणखी कड्या बसवते. गोळी चालू आहे तोवर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ती एकाएकी थांबली की अॅड्रेनॅलिन पूर्वीइतकेच असते, पण कड्या मात्र जास्त. त्यात लग्नघरची जागरणे आणि डीजे! ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्यांना अशा वेळी झटकाही येऊ शकतो. गोळी बंद करायची झालीच, तर डॉक्टर ती एक-दोन आठवड्यांत हळूहळू उतरवतात, म्हणजे जादा कड्या काढायला पेशीला वेळ मिळतो.

बाबा, ‘सवय लागते’ म्हणून तुम्ही या गोळीला नावे ठेवता. ही दारूसारखी सवय नव्हे. तुमच्या पेशींनी चोख केलेली तडजोड आहे.

आई, पाकिटात दहा गोळ्या उरल्या की मला कळवत जा. पुढच्या शनिवारी भुसावळला उतरेन, तेव्हा दोन महिन्यांच्या घेऊन येते. कळण्याची भाकरी करून ठेव.

तुमची,
छकुली