फोन तुमच्या हाताला बसवलाय

मुलुंड,
रविवार, रात्रीचे साडेदहा

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. नमस्कार.

नीट पोचलो. चिनू कुर्ल्यालाच झोपली, तिला खांद्यावर घेऊन जिना चढले. निघताना बाबा दारात म्हणाले, "एवढं सगळं केलंस, पण उद्या विसरलो तर?" म्हणून फोनवर न सांगता कागदावर लिहून पाठवतेय. टेलिफोनच्या जुन्या डायरीत ठेवा म्हणजे सापडेल. आईचं आईला आणि बाबांचं बाबांना, असं वेगवेगळं लिहिलंय. अक्षरही मोठं काढलंय.

आधी त्या मंगळवारचं बोलते. आई, तुला साखर उतरून घेरी आली. बाबा वाचनालयात, त्यांचा फोन सायलेंटवर. तू मला फोन लावायला गेलीस तर माझा फोटो नेहमीच्या जागी नव्हताच. शेवटी गॅलरीत येऊन शेजारच्या मावशींना हाक मारलीस. मी रात्री आले आणि दोघांवर ओरडले. "किती वेळा दाखवायचं?" असं म्हणाले. तो शब्द मला अजून टोचतोय. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. दुकानातून आला तसा फोन आम्ही तुमच्या हातात दिला. त्याची अक्षरं, त्याचा वेग, सगळं तरण्या डोळ्यांना आणि तरण्या बोटांना बेतलेलं. तो तुमच्या मापाचा करून द्यायचं काम माझं होतं, ते राहून गेलं होतं.

नाहीतर आपल्या घरात कुठली वस्तू आली तशी वापरली गेलीय? भिंतीवरचं घड्याळ बाबा कायम दहा मिनिटं पुढे ठेवायचे, वर्कशॉपचा भोंगा व्हायच्या आत गेटवर पोचायला हवं म्हणून. घरातल्या प्रत्येकाला ते दहा मिनिटं वजा करून वेळ बघायची सवय होती. आईने मिक्सरच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, 'बंद' कुठे ते अंधारातही दिसावं म्हणून. आणि बाबा, तुमच्या पेटीतल्या मोठ्या पान्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली असायची. मी विचारलं होतं, तर तुम्ही म्हणाला होतात, "हाताला बसायला नको का?" आज दिवसभर तुमच्या फोनशी मी तेवढंच केलंय.

आई, आधी तुझा सॅमसंग.

तुझी चित्रं का पळतात ते आज कळलं, कारण आज पहिल्यांदा मी काही न शिकवता नुसती तुझ्या शेजारी बसून पाहत राहिले. तू चित्रावर बोट ठेवतेस आणि काही होतंय का ते बघत बोट तसंच ठेवून थांबतेस. कणीक मऊ झाली का ते बघताना दाबून धरतेस ना, अगदी तसं. फोनला अशा दाबून धरण्याचा अर्थ वेगळा शिकवलेला आहे. हिला हे चित्र इथून उचलून दुसरीकडे न्यायचंय, असं तो समजतो. मग बोट जरा सरकलं की चित्र सरकतं, आणि वर नेलं गेलं तर पडद्यावरून जातंच. अ‍ॅप फोनमध्येच असतं, फक्त दारावरची पाटी निघालेली असते. आता त्यावर दोन गोष्टी केल्यात. दाबून धरल्याचं फोनने किती वेळाने मानायचं, ती वेळ दीड सेकंदावर नेलीय. ती सेटिंग 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये असते. दुसरं म्हणजे होम स्क्रीनची मांडणी लॉक केलीय. आता तू कितीही दाबलंस तरी चित्रं हलणार नाहीत. दुपारी तू दहा वेळा करून पाहिलंस आणि दहाही वेळा माझा फोटो जागच्या जागी राहिला, तेव्हाचा तुझा चेहरा मी येताना गाडीत आठवत होते.

पहिल्या पानावर आता चारच फोटो आहेत: बाबा, मी, दादा आणि शेजारच्या मावशी. फोटोला बोट लागलं की थेट फोन लागतो, मध्ये काही विचारत नाही. आलेला फोन घ्यायला ते हिरवं गोल सरकवायची गरज नाही. आवाज वाढवायचं जे बाजूचं बटण आहे ना, त्याचं वरचं टोक दाबलं की फोन उचलला जाईल. बोलणं झालं की चालू-बंदचं बटण दाबायचं. हात पिठाचे असले तरी कोपराने जमेल, मी तुझ्या ओट्यापाशी उभं राहून करून पाहिलं. पडदा तीस सेकंदांत काळा व्हायचा, तो आता दोन मिनिटं जागा राहतो.

शिवाय 'मोड्स अँड रूटीन्स' नावाचा एक भाग आहे. त्यात फोनला आधीच सांगून ठेवता येतं की अमुक झालं की तमुक कर. तुझ्यासाठी दोनच लावलेत. तू यूट्यूब उघडलंस की पडदा आडवा व्हायची परवानगी मिळते, बाहेर आलीस की ती आपोआप जाते. म्हणजे कीर्तन मोठं दिसेल आणि एरवी कुशीवर वळलीस तरी फोन फिरणार नाही. दुसरं, दुपारी दोन ते चार फोन गप्प राहील, पण त्या चार फोटोंपैकी कुणाचा आला तर वाजेल. आणखी बरंच लावता येईल, पण फोन आपल्या मनाने फार काही करायला लागला की माणूस बावचळतो. हे दोन अंगवळणी पडू देत.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलंय. फोन भरून जायचा तो सकाळच्या फुलांच्या फोटोंनीच. ज्याचा बघावासा वाटेल त्यावर बोट लाव, तेवढाच येईल. तुझ्या फोनची भाषा मात्र बदलली नाही. तू अक्षरं वाचून चालत नाहीस, रंग आणि जागा बघून चालतेस, ते मोडायला मला धीर झाला नाही.

बाबा, आता तुमचा मोटोरोला.

तुमचा मराठीत केलाय, तुम्ही म्हणालात म्हणून. अक्षरं मोठी केलीत, आणि 'डिस्प्लेचा आकार' म्हणून वेगळी गोष्ट असते, तीही एक पायरी वाढवलीय. पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की पुन्हा कमी करून बघू. तोपर्यंत पडद्यावरचं नाव वाचायची कसरत नको. फोन आला की नाव मोठ्याने ऐकू येईल. त्यासाठी तुमच्या यादीतली नावं देवनागरीत लिहून काढली, कारण इंग्रजीत लिहिलेलं नाव ते यंत्र भलतंच वाचतं. दुपारचा बराच वेळ त्यात गेला. नाव न येता नुसते आकडे वाचले गेले, तर तो माणूस आपल्या यादीत नाही. असा फोन उचलायची घाई करू नका.

मंगळवारचा सायलेंट. तुम्ही वाचनालयात शिरताना फोन सायलेंट करता, हा तुमचा शिष्टाचार आहे आणि तो तसाच राहावा असं मला वाटतं. पण बाहेर पडल्यावर आवाज पुन्हा वाढवायचं कुणाच्याही लक्षात राहत नाही, माझ्याही नाही. म्हणून आता ते काम फोनवर सोपवलंय. त्यात 'व्यत्यय आणू नका' असं एक बटण आहे, त्याला वेळापत्रक लावता येतं. संध्याकाळी चार ते सहा तो आपोआप गप्प होईल आणि सहाला आपोआप बोलायला लागेल. मात्र तारांकित केलेल्या माणसांचे फोन त्या वेळातही वाजतील. आई, मी, दादा आणि मावशी अशा चौघांना तारा लावलाय. आणखी एक सोय त्यातच आहे: एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतोच. म्हणजे मावशींच्या मुलाने परक्या नंबरावरून लावला, तरी दोनदा लावला की तुम्हाला ऐकू येईल. मावशींनाही हे सांगून आलेय. तुम्ही हाताने सायलेंट करायची गरजच नाही. ते बटण आता विसरून जा.

औषधांचं असं. सकाळी आठला रक्तदाबाची गोळी, आणि ऑपरेशननंतर डोळ्यांत थेंब सुरू होतील तेव्हा त्यांच्या वेळा मी येऊन लावीन. आठचा अलार्म रोजचा आहे. त्याला घंटी नाही, चिनूचा आवाज आहे. तिने तुमच्या पलंगावर बसून रेकॉर्ड केलं, "आबा, गोळी घ्या, आणि पाणी पूर्ण प्या." तीन वेळा केलं, पहिल्या दोन वेळा तिला 'पूर्ण' नीट म्हणता आलं नाही. तुम्ही तिसरं पसंत केलंत. मी मात्र पहिली दोन माझ्या फोनवर ठेवून घेतलीत.

रात्री जिन्यावरचा दिवा गेला की टॉर्च शोधू नका. फोन हातात घट्ट धरून हातोडीचे दोन घाव घातल्यासारखा झटका द्या, टॉर्च लागतो. पुन्हा दोन घाव, विझतो. हे तुम्हाला एकदाच दाखवलं आणि लगेच जमलं.

फोनशी बोलून कामं सांगायचं तुम्हाला पटलं नाही, म्हणून तो भाग बंद ठेवलाय. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की बचत आपोआप सुरू होते. लोकलच्या वेळा सांगणारं एम-इंडिकेटर अ‍ॅप पहिल्या पानावर आहे, रविवारी निघायच्या आधी मेगाब्लॉक त्यात बघा.

सरकारी इशारे मात्र मी मुद्दाम चालू ठेवलेत. २०२३ मध्ये चाचणी म्हणून देशभर आले होते, मोठा भोंगा वाजवत, ते. आई तेव्हा दचकली होती. घाबरायचं नाही, वाचायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मी साकीनाक्याला ऑफिसात अडकले, आणि कुणाचा फोन कुणाला लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत आले तेव्हा बाबा नाक्यावर उभे होते. रात्रभर किती फेऱ्या मारल्यात ते तुम्ही आजवर सांगितलं नाहीत. त्या मंगळवारी तुम्हा दोघांचा फोन लागत नव्हता, तेव्हा ती रात्र मला तुमच्या बाजूने पहिल्यांदा कळली.

आता दोघांसाठी. जिवावरचा प्रसंग आला तर चालू-बंदचं बटण भराभर पाच वेळा दाबायचं. फोन आधी आकडे मोजतो, तेवढ्यात थांबवता येतं, आणि मग ११२ या आपत्कालीन मदतीच्या नंबरला लावतो. करून बघायला म्हणून दाबू नका. फोन लॉक असला तरी 'इमर्जन्सी' म्हणून लिहिलेलं असतं, तिथून तुमचा रक्तगट, आईचा मधुमेह, तिला न चालणारं औषध आणि माझा नंबर कुणालाही वाचता येईल. रस्त्यात काही झालं तर मदतीला आलेल्या माणसाला कुलूप उघडावं लागणार नाही. ओटीपी आणि मेसेजचा मजकूर मात्र लॉक असताना दिसणार नाही असं केलंय.

बाहेरून आलेलं अ‍ॅप बसवायची परवानगी दोन्ही फोनवर बंद आहे. लग्नाची पत्रिका, चलान, गॅसचं थकलेलं बिल अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते आणि ती उघडली की फोनच दुसऱ्याच्या हातात जातो. 'बसवू का?' असं फोनने विचारलं तर नाही म्हणा आणि मला लावा. पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. व्हिडिओवर पोलिसाच्या वेषात कुणी म्हणालं की तुम्हाला डिजिटल अटक झालीय, तर फोन ठेवून द्या. अशी अटक कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला लावा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. मला नंतर सांगा, आधी १९३०. आणि मी ओरडेन म्हणून लपवू नका. मी नाही ओरडणार.

एक गोष्ट मी केलेली नाही. तुम्ही कुठे आहात ते माझ्या फोनवर नकाशात दिसावं अशी सोय आहे. दादाने परस्पर लावून टाकायला सांगितलं होतं. माझ्या हातात दोन्ही फोन होते, दोन मिनिटांचं काम होतं. पण बाबा संध्याकाळी कुठे चहाला थांबतात, आई कुठल्या देवळात जाते, हे तुम्हाला न विचारता मी बघत राहणं मला बरं वाटेना. लावलं तर मला कामावर निर्धास्त वाटेल हेही खरं आहे, ते तुमच्यापासून लपवत नाही. दोघांनी बोलून ठरवा. रविवारी येईन तेव्हा हो किंवा नाही, जे असेल ते सांगा.

येताना आईसाठी फोनला लावायची जाड दोरी आणते, गळ्यात अडकवता येईल अशी.

तुमची
मनू