खुनी कोण, ते कृपया छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'ट्विन पीक्स' ही जुनी अमेरिकन टीव्ही मालिका मे 2017 मध्ये परत येतेय म्हणून एक छोटी चौकट आली होती. मराठी पेपरात या मालिकेचं नाव बघून मला एवढा आनंद झाला की चहा तसाच ठेवून आधी ती वाचायला घेतली, आणि तिसऱ्याच ओळीत मालिकेतल्या लॉरा पामरचा खून कोणी केला ते नावासकट छापलेलं!

माझा भाचा महिनाभरापासून ही मालिका पहिल्यांदा बघतोय. माझ्याकडचा डीव्हीडी सेट मीच त्याला दिला, नवे भाग सुरू व्हायच्या आत जुने सगळे बघून झाले पाहिजेत असं आमचं ठरलं होतं. पाच भाग झाले होते. रोज रात्री त्याचा फोन यायचा, मावशी हा असेल का, तो असेल का, आणि मी हूं की चूं करायचे नाही, नुसती ऐकायचे. रविवारी तुमची चौकट त्याने पण वाचली. त्या रात्री फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मीच केला तर म्हणाला, "कळलं ना आता, राहू दे." मला खरंच फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

तुम्ही म्हणाल, मालिका 1990 ची, 27 वर्षं झाली, आता कसलं गुपित. काहीजण असंही म्हणतील की कीर्तनाला बसलेल्यांना आख्यान आधीपासूनच माहीत असतं तरी ते रंगून ऐकतातच की. बरोबर आहे, पण या मालिकेचं तसं नाहीये. वॉशिंग्टन राज्यातलं जंगलातलं लाकडाच्या गिरणीचं छोटंसं गाव, सकाळी एक माणूस मासे धरायला निघतो आणि काठावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एका शाळकरी मुलीचं, म्हणजे लॉराचं, प्रेत सापडतं. तिथून पुढे आपण त्या गावातल्या प्रत्येकाचा चेहरा संशयाने बघत राहतो आणि बघता बघता ती माणसं आपली होऊन जातात. पहिल्याच भागात लॉराची आई नवऱ्याशी फोनवर बोलत असते, तेवढ्यात त्याच्यासमोर शेरीफ येऊन उभा राहतो, कोणी काही सांगायच्या आतच बापाला कळतं, रिसीव्हर हातातून सुटतो, आणि कॅमेरा त्या वायरीवरून हळूहळू खाली खाली येतो, खाली लोंबकळणाऱ्या रिसीव्हरमधून आईचा हंबरडा ऐकू येतोय. मी हे किमान दहा वेळा बघितलंय तरी दर वेळी अंगावर काटा येतो. पण पहिल्यांदा बघताना काहीच माहीत नसणं वेगळं, ते एकदाच मिळतं.

आणि मुख्य म्हणजे ही मालिका एकदा याच गोष्टीने मेलीये. सुरुवातीला अमेरिकेत तिच्यामागे लोक वेडे झाले होते, पहिला भाग साडेतीन कोटींच्या आसपास लोकांनी बघितला. मालिका रचणाऱ्या दिग्दर्शक डेव्हिड लिंचला खुनी कधी सांगायचाच नव्हता, तो प्रश्न मागे राहील आणि गावच पुढे येईल असा त्याचा विचार. पण मालिका दाखवणाऱ्या एबीसी चॅनलला घाई, लोक विचारतायत सांगून टाका, असा दबाव आला आणि 10 नोव्हेंबर 1990 ला, दुसऱ्या सीझनच्या सातव्या भागात, उत्तर देऊन टाकलं. एकूण 30 भागांतले 15 अजून शिल्लक होते! त्यात मालिका शनिवारी रात्री टाकलेली, म्हणजे जी पोरं बघायची ती त्या वेळेला घराबाहेर. प्रेक्षक गळत गेले, फेब्रुवारी 1991 मध्ये चॅनलने मालिका थांबवली, तेव्हा फॅन्सनी चॅनलला पत्रांवर पत्रं लिहिली म्हणून उरलेले भाग तरी दाखवले, आणि 10 जून 1991 ला शेवटचे दोन एकदम दाखवून खेळ खल्लास. लिंचने नंतर सांगितलंय की सोन्याची अंडी देणारं बदक होतं, त्याचीच मुंडी आम्हाला छाटायला लावली.

त्या शेवटच्या भागात लाल पडद्यांच्या खोलीत लॉरा तिच्या खुनाचा तपास करणाऱ्या एजंट कूपरला म्हणते, 25 वर्षांनी पुन्हा भेटू. ते वाक्य उराशी धरून लोक बसलेत हो! 2014 च्या ऑक्टोबरात मालिका परत येणार असं जाहीर झालं, मग एप्रिल 2015 मध्ये पैशावरून बिनसलं आणि लिंच बाहेर पडला, तेव्हा जुन्या नटनट्यांनीच व्हिडिओ काढून सांगितलं की त्याच्याशिवाय हे नको, आणि दीडेक महिन्यात तो परत आला, आधी ठरलेल्या 9 भागांचे 18 झाले आणि सगळेच्या सगळे तो स्वतः दिग्दर्शित करतोय (आधीच्या 30 पैकी फक्त 6 त्याचे होते). लाकडाचा ओंडका तान्ह्या बाळासारखा कवटाळून फिरणारी लॉग लेडी आठवते? ते काम करणाऱ्या कॅथरीन कोलसन सप्टेंबर 2015 मध्ये गेल्या, पण नव्या भागांतल्या नटनट्यांच्या यादीत त्यांचं नाव आहे, म्हणजे आजारपणात सुद्धा त्यांनी काम करून ठेवलंय. यंदा जानेवारीत मालिकेतले नट मिगेल फेरर गेले, फेब्रुवारीत डॉक्टर हेवर्ड झालेले वॉरन फ्रॉस्ट. ही माणसं आपल्याला आता शेवटची दिसणार आहेत, आणि ती कुठल्या प्रसंगात, कशी दिसतात हे मला पेपरातून कळायला नकोय.

तिकडे अमेरिकेत रविवारी 21 मे 2017 च्या रात्री 9 वाजता पहिले दोन भाग लागतील, आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ असेल, साडेसहा. म्हणजे आपण ऑफिसला पोचेपर्यंत मोबाईलवर सगळं येऊन पडणार, ते कोणाच्या हातात नाही. पण पेपर तुमच्या हातात आहे ना. परीक्षण जरूर छापा, भरपूर छापा, मालिकेचे संगीतकार बडालामेंटी यांच्या त्या संथ संगीतावर लिहा, सुरुवातीला करवतीला धार लावताना उडणाऱ्या ठिणग्यांवर लिहा, पण कोण मेलं, कोण परत आलं, ते हेडिंगमध्ये नको आणि फोटोखालच्या ओळीतही नको. गोष्ट सांगायचीच असेल तर वर ठळक सूचना द्या, ज्याला वाचायचं नाही तो पान उलटेल. आणि जुना खुनी तर मुळीच नको.

भाचा चार दिवस रुसून होता. काल रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, सहावा भाग बघून झाला होता. नाव माहीत आहे रे, मग आता काय, असं मी विचारलं तर म्हणतो, मावशी, लॉराच्या घरात जिन्यावर तो पंखा सारखा सारखा का दाखवतात? मी काही बोलले नाही. अजून 24 भाग आहेत आणि दिवस थोडे, त्यामुळे आता रोज दोन-दोन बघायचं ठरलंय.

आपली,
एक नियमित वाचक